थॅक्स्टर यांच्या भाषणातलं नववं पान

१

सिनेटर एलियट थॅक्स्टर नवव्या पानाच्या तिसऱ्या ओळीवर अडखळले आणि व्यायामगृहातल्या अठराही माणसांनी हातातली कामं सोडून वर पाहिलं.

शुक्रवार, दुपारचे बारा. ॲशबी फॉल्सच्या शाळेतल्या या व्यायामगृहात संध्याकाळच्या भाषणाची तालीम चालली होती. पक्षाचा उमेदवार ठरवायला मंगळवारी न्यू हॅम्पशायर मत देणार होतं आणि अध्यक्षपदाच्या शर्यतीत थॅक्स्टर सहा टक्क्यांनी पुढे होते. बाहेर गुडघाभर बर्फ, आत घामाघूम कार्यकर्ते खुर्च्या मांडतायत. सगळं कसं छान चाललं होतं.

"हे माझं भाषण नाही," सिनेटर म्हणाले. "हे पान मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

पहिल्या रांगेत बसलेल्या विनीबाई स्ट्राउट उठल्या. वय चौसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पायात शेतकऱ्याचे वाटावेत असे बूट. मेन राज्यात बावीस वर्षं सरकारी वकिली केलेली बाई. आता थॅक्स्टर यांच्या प्रचाराची कायदेशीर बाजू सांभाळत होती. त्यांनी मंचावर जाऊन पान वाचलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

सकाळी नऊ वाजता याच पानावर त्यांनी स्वतः वाचलं होतं, "नौदलाने न मागितलेली एकही विनाशिका मी बांधू देणार नाही. तो पैसा आहे त्या जहाजांच्या दुरुस्तीला आणि जुन्या सैनिकांच्या इस्पितळांना जाईल." अख्खं भाषण या दोन वाक्यांसाठी होतं. कारण न मागितलेल्या त्या विनाशिका बांधत होती मेनमधली थॅक्स्टर गोदी. सिनेटरच्या आजोबांनी काढलेली आणि आता त्यांच्या मेव्हण्याच्या ताब्यात असलेली. घरच्याच ताटातला घास काढून घेणारा उमेदवार! देशभर त्याचीच चर्चा होती.

आणि आता त्या जागी छापलं होतं, "माझ्या कारकिर्दीत येत्या चार वर्षांत मेनच्या गोदीतून पाच नव्या विनाशिका समुद्रात उतरतील आणि या किनाऱ्यावरची एकही चूल विझणार नाही."

सिनेटरची नजर मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे वळली. तो भाषणं लिहिणारा एझ्रा कॅलोवे. सत्तेचाळीस वर्षांचा, याच राज्यातला, पूर्वी नौदलात खलाशी. वेळेवर दुरुस्ती न झालेल्या जहाजाच्या इंजिनघरात आग लागली तेव्हा त्याचा डावा कान गेला तो गेलाच. ती दोन वाक्यं त्याने काळजातून लिहिली होती.

"एझ्रा, भाषण फक्त तुझ्या संगणकात असतं," सिनेटर सगळ्यांच्या देखत म्हणाले. "कुणी विकत घेतलं तुला?"

"विकत?" एझ्रा म्हणाला. 

"विनी, पाच वाजता तुझ्या सहीने पत्रकारांच्या हातात प्रत जाते. तोवर तू शोध. नाही सापडलं, तर तो परिच्छेद गाळायचा. छेडछाड झालेला मजकूर मी वाचणार नाही. आणि एझ्राला घरी पाठवायचं. कारण जाहीर करून."

कारण जाहीर करून! म्हणजे या देशात एझ्राला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. त्याच्या दोन मुली कॉलेजात होत्या. विनीबाईंनी घड्याळ पाहिलं आणि पान कोटाच्या खिशात घातलं.

"पाच तास? चिकार झाले," त्या म्हणाल्या.

२

रस्त्यापलीकडच्या जुन्या सराईत वरचा मजला प्रचारासाठी घेतलेला होता. कोपऱ्यात सिनेटरची खोली आणि तिला लागून पुस्तकांची छोटी खोली. भाषणाची फाइल नऊपासून तिथल्या टेबलावर, संगणक आणि प्रिंटरच्या शेजारी होती. जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या रक्षकाने वही पुढे केली. वर येणाऱ्या प्रत्येकाची त्यात नोंद असे.

दहा वाजून पाच मिनिटं, सिनेटरची बहीण कॉन्स्टन्स रड. दहा चाळीस, निवृत्त ॲडमिरल रॉयस हॅडम, सिनेटरचे नौदलविषयक सल्लागार. साडेअकरा, एझ्रा कॅलोवे, फाइल खाली नेण्यासाठी. बस, तिघंच.

"आणखी कुणी?"

"चिटपाखरू नाही, मॅडम. आलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिलंय. मी लघवीलासुद्धा गेलो नाही."

"देव तुझं भलं करो, आता जा," असं म्हणून विनीबाई खिडकीजवळ बसल्या आणि त्यांनी पान उजेडात धरलं.

मजकूर पानाच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात होता, खालचा भाग कोरा. प्रचारात मुरलेल्या माणसाचं काम. मजकूर तळापर्यंत गेला की वाचणाऱ्याची मान खाली जाते आणि कॅमेऱ्याला चेहऱ्याऐवजी टक्कल दिसतं. बाहेरच्या चोराला हे ठाऊक नसतं.

आणि पानावर पेन्सिलीच्या तिरक्या रेघा होत्या. थॅक्स्टर यांच्या प्रत्येक भाषणावर असतात तशा. लहानपणी ऑपरेशनमध्ये त्यांचं अर्धं फुप्फुस काढावं लागलं होतं, त्यामुळे आठ-नऊ शब्दांनंतर त्यांना श्वास घ्यावा लागे. लोकांना वाटे, काय विचारपूर्वक बोलतो हा माणूस! श्वासाच्या जागा ते पेन्सिलीने स्वतः आखत. त्या कामात कुणाला हात लावू देत नसत.

त्या लांबलचक वाक्यात 'समुद्रात उतरतील' नंतर एक रेघ होती, पण ती खोडलेली. दुसरी रेघ त्याआधीच ओढलेली, 'पाच नव्या' आणि 'विनाशिका' यांच्या बरोबर मध्ये. विनीबाईंनी त्या जागेवर बोट फिरवलं. खोडरबराची चुरी अजून कागदाला चिकटून होती.

"इथे कोण थांबतं, बाई?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

३

कॉन्स्टन्स रड खालच्या जेवणघरात चावडरचा, म्हणजे शिंपल्यांच्या दाट सुपाचा वाडगा पुढ्यात घेऊन बसली होती. भावापेक्षा चार वर्षांनी मोठी, मोत्यांची माळ, ताठ पाठ. थॅक्स्टर घराण्यात काय व्हायचं ते ती ठरवते, हे सगळ्या पक्षाला माहीत होतं. गोदी तिच्या नवऱ्याची आणि नवरा तिच्या मुठीत.

"ये, विनी, बस. मी चोर, असंच ना?"

"दहा वाजता तू वर होतीस."

"होते की. फाइल वाचली, चरफडले, बाहेर पडले. चार हजार कामगार आहेत आमच्याकडे. त्यांच्या पोटावर पाय द्यायला निघालाय आमचा एली. दोन रविवार जेवायच्या टेबलावर त्याला समजावतेय. मान डोलावतो आणि बाहेर जाऊन तेच बोलतो."

"म्हणून पान बदललंस?"

कॉन्स्टन्स खरंच हसली. "पान कशाला बदलू? मला बदलायचंच असेल तर मी भावाला बदलीन. अजून आशा सोडलेली नाही मी."

विनीबाईंना ती बाई मुळीच आवडत नव्हती, पण उत्तर आवडलं. "बरं, एक सांग. गोदीत एका वेळी किती विनाशिका बांधता येतात?"

"दोन. तिसरीला जागा करायची तर शेजारचं चर्च पाडावं लागेल. नवरा रोज तेच रडगाणं गातो. का गं?"

"सहज. हे जरा मोठ्याने वाच ना."

कॉन्स्टन्सने ते वाक्य एका दमात वाचून काढलं, 'उतरतील' पाशी किंचित थांबून. मध्येच तिच्या कपाळाला आठी पडली, पण तिने चमचा उचलला आणि चावडरकडे वळली.

४

ॲडमिरल हॅडम अंगणातला बर्फ फावड्याने ओढत होते. सराईच्या मालकाने सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. रिकामं बसणं त्यांना जमत नसे, एवढंच.

"चष्मा विसरलो होतो, तो आणायला वर गेलो," ते म्हणाले. "आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. पुढच्या जानेवारीपासून मी थॅक्स्टर गोदीच्या संचालक मंडळावर जाणार आहे. एलियटला माहीत आहे. मी काही लपवत नाही."

"म्हणजे जहाजं जास्त बांधली तर तुमचा फायदाच."

"फायदाच. पण आमच्या नौदलाला ती नकोत, हेही मीच त्याला सांगितलं. मी म्हातारा आहे, हरामखोर नाही."

विनीबाईंनी पान पुढे केलं. ॲडमिरलनी भरड्या आवाजात वाचलं, 'उतरतील' पाशी थांबून घसा साफ केला, शेवटापर्यंत गेले आणि फावडं खाली टाकलं.

"पाच? चार वर्षांत? कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? एक विनाशिका बांधायला पाच वर्षं लागतात, आणि जागा दोन! पाच म्हणे! जिला गोदीचा वास माहीत आहे अशी मांजरसुद्धा असं लिहिणार नाही."

"गोदीबद्दल तुम्ही एलियटला दिलेल्या टिपणात हे होतं का?"

"चौथ्या पानावर, ठळक अक्षरात. एलियटने वाचलेलं नाही. तो जाडजूड फाइल कधी वाचतो? त्याला सगळं तोंडी सांगावं लागतं. शाळेपासून तसाच आहे."

 विनीबाईंनी खाली वाकून फावडं उचललं आणि ॲडमिरलच्या हातात परत दिलं.

"गुडघ्यांचा जीव गेला, पण काम झालं," त्या म्हणाल्या.

५

एझ्रा व्यायामगृहामागच्या अरुंद खोलीत खोक्यावर बसला होता. लॅपटॉप त्याने बंद करून मांडीवर ठेवला होता, कुणी मागितला तर लगेच देता यावा म्हणून. विनीबाई त्याच्या उजव्या बाजूला बसल्या.

"तपासा, मिसेस स्ट्राउट. सगळं तपासा. ते पान यात सापडणार नाही."

"तुझा लॅपटॉप बघून मला काय कळणार? माझ्या नातवाला विचारल्याशिवाय मला फोन लावता येत नाही. वाच हे."

त्याने वाचलं. तोही 'उतरतील' पाशीच थांबला. मग कडवट हसला. "पाच! निदान आकडा तरी नीट चोरायचा. दोन महिने मी त्या गोदीचा अभ्यास केला. दोनाच्या वर जात नाही ती." आणि त्याने पान विनीबाईंच्या मांडीवर टाकलं. "माझ्या मुलींनी टीव्हीवर बघायचं का, बापाने पैसे खाल्ले म्हणून? चोवीस वर्षं इमानाने काम केलंय हो मी."

"तुझ्या मुली टीव्हीवर असलं काही बघणार नाहीत."

"तुम्हाला एवढी खात्री कशी?"

"खोटं बोलणारी माणसं मला आवडतात, एझ्रा. माझं काम सोपं करतात." त्या उठल्या. "मला हे पान नीट टाइप करून दे. शब्द तेच, मांडणी तीच. पण पेन्सिलीची एकही रेघ नको."

साडेतीन वाजले होते. रक्षकाच्या वहीत तीन नावं होती आणि त्या तिघांनाही ठाऊक होतं, की गोदीत पाच विनाशिका होऊच शकत नाहीत. विनीबाई जिना चढू लागल्या तसं त्यांना आपल्याच मठ्ठपणाचं हसू आलं. रक्षक जिन्यावरून येणाऱ्यांची नावं लिहितो. वर राहणाऱ्याचं नाव कोण लिहिणार?

६

सिनेटर खोलीत बुटांसकट पलंगावर पडले होते. विनीबाईंनी दार लावून घेतलं.

"सापडला?" सिनेटरनी विचारलं.

"सापडेल. आधी हे वाच. मंचावर वाचतोस तसं, मोठ्याने."

"आता कशाला?"

"एलियट, तीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. वाच."

ते उठून उभे राहिले. आवाज छान लागला. "माझ्या कारकिर्दीत येत्या चार वर्षांत मेनच्या गोदीतून पाच नव्या..." आणि त्यांनी श्वास घेतला. "...विनाशिका समुद्रात उतरतील आणि..."

"पुरे," विनीबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"तिथे का थांबलास?"

"खूण आहे म्हणून," म्हणत त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर एकही रेघ नव्हती.

 विनीबाईंनी खिशातून रेघा असलेलं ते खोटं पान काढलं आणि पलंगावर ठेवलं.

"हे वाक्य मी आज तिघांकडून वाचून घेतलं. तिघंही 'उतरतील' पाशी थांबले. कुणीही तिथेच थांबेल, अर्थ तिथेच पुरा होतो. या पानावर पहिली रेघसुद्धा तिथेच होती. मग ती खोडून अलीकडे घेतली. का? कारण रेघ मारणाऱ्याने वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं आणि त्याला तिथवर दम पुरला नाही. तुझ्या नकला करणारा चोर रेघा मारेल रे, पण त्याला दम कशाला लागेल? अर्ध्या फुप्फुसाचा माणूस या प्रचारात एकच आहे. आणि तो बारा वाजता अठरा जणांपुढे म्हणाला, की हे पान मी पाहिलेलंच नाही."

सिनेटर पलंगाच्या कडेवर बसले. 

"खुणा करायची काही गरज नव्हती ना?" ते म्हणाले.

"काडीचीही नव्हती. पण चाळीस वर्षांची सवय. खुणेशिवायचं पान फाइलीत ठेवायला तुझा हात धजला नाही. आणि पाचाचा आकडा! ॲडमिरलचं टिपण वाचलं असतंस तर दोन लिहिलं असतंस आणि मी अजून चाचपडत असते."

"कॉनीला नाही म्हणता येत नाही मला, विनी. आई गेल्यावर तिनेच वाढवलं. आणि ते वाक्य मागे घेतलं तर लोक म्हणतील, बहिणीने कान पिळला. मला वाटलं, पानाचा घोटाळा झाला म्हणून परिच्छेद गळला, तर कुणालाच दोष..."

"कुणालाच? एझ्रा कुणीच नाही का?" विनीबाईंचा आवाज चढला. त्यांना खरंच संताप आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "बहिणीला तोंडावर नाही म्हणायची छाती नाही, म्हणून एका कान गेलेल्या खलाशाला विकाऊ ठरवलंस! लाज वाटायला हवी. आणि उद्या व्हाइट हाउसमध्ये बसून तू सेनापतींना नाही म्हणणार? कसं?"

सिनेटरनी चेहरा हातांनी झाकला. मग हात खाली घेतले. "तू पत्रकारांकडे जाणार?"

"मी वकील आहे तुझी, चहाडखोर नाही. पण पाच वाजता त्या खोट्यावर माझी सही होणार नाही. त्याच्या आत एझ्राला कोण सांगणार, तू की मी?"

७

चार वाजून पन्नास मिनिटांनी एझ्रा, कॉन्स्टन्स आणि ॲडमिरल पुस्तकांच्या खोलीत उभे होते. सिनेटरनी चार वाक्यांत सगळं सांगितलं, काही न गाळता.

सगळ्यात आधी कॉन्स्टन्स बोलली. "अरे मूर्खा! मला हो म्हणायचं होतं तर सरळ हो म्हणायचं. मी काय तुला चोऱ्या करायला शिकवलं?"

"हो म्हणायचंच नव्हतं, कॉनी. नाही म्हणायचं होतं. नाही म्हणतोय. ती जहाजं होणार नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या तोंडून तिने तो शब्द ऐकला. तिने कोट उचलला. "थॅक्स्टर आडनाव लावून तू हे मेनमध्ये बोलून दाखव, मग बघू," म्हणाली आणि बाहेर पडली. 

"एझ्रा, माझं चुकलं," सिनेटर म्हणाले. "मी मनापासून माफी मागतो."

एझ्राने मान हलवली. "इथे नाही, साहेब. तुम्ही मला बंद खोलीत विकाऊ म्हणाला नव्हता."

 इथून पुढे विनीबाईंचं काम नव्हतं.

सिनेटरनी दार उघडलं, जिना उतरले, बर्फातून रस्ता ओलांडला, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. व्यायामगृहात कार्यकर्ते झेंडे लावत होते. दारापाशी वीस-पंचवीस पत्रकार प्रतींची वाट बघत होते. एकाने कॅमेरा सुरू केला. सिनेटर दुपारी होते तिथेच जाऊन उभे राहिले.

"बारा वाजता इथे मी एझ्रा कॅलोवेवर विकला गेल्याचा आरोप केला. तो खोटा होता. भाषणाचं पान बदललं गेलं, ते मी बदललं. कुटुंबाला नाही म्हणायची मला भीती वाटली, आणि ती भीती मी या माणसाच्या नावावर टाकली. मूळ पान आज जसंच्या तसं वाचलं जाईल."

"पुन्हा सांगता का, सिनेटर?" मागून एका बाईने विचारलं. तिला विश्वासच बसत नव्हता.

त्यांनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने, एझ्राच्या शाबूत उजव्या कानाकडे वळून.

पत्रकार एकमेकांना ढकलत, फोन कानाला लावत बाहेर धावले. सहा टक्क्यांपैकी किती शिल्लक राहणार, हे त्या क्षणी कुणालाच सांगता आलं नसतं. विनीबाईंनी पेन काढलं आणि खऱ्या प्रतीवर सही केली.

एझ्रा पुढे आला. त्याने मूळ पान सिनेटरच्या हातात दिलं. "हे वाचा. चांगलं लिहिलंय मी ते. उद्यापासून लिहायला मात्र दुसरा माणूस बघा."

सिनेटरनी मान हलवली. त्यांना हेच अपेक्षित होतं, तरी चेहरा पडला. "आणि मंगळवारी?"

एझ्राने कोटाची बटणं लावली, सगळी, सावकाश.

"मंगळवारी मत तुम्हालाच देणार, साहेब. दुपारी बारा वाजता देणार नव्हतो."

त्याने मुलींना फोन लावला आणि बोलत बोलत बाहेर पडला.